पिंपळ नाय, पायर

बोरिवलीतल्या आमच्या सोसायटीत भिंतीच्या भेगेत पिंपळ उगवला की पंचाईत होते. ठेवला तर भिंत फाटते आणि उपटायला कुणाचा हात धजत नाही. मग तळमजल्यावरच्या काकांना हाक जाते. काका चष्मा कपाळावर सरकवतात, पान बोटांत फिरवतात आणि ठरलेलं बोलतात, "पिंपळ नाय हो, पायर आहे. दिसायला सेम, पण ह्याचं पाप नाय लागत. मीच काढतो." मग रोप मुळासकट ओल्या फडक्यात गुंडाळून घरी नेतात.

पिंपळाच्या पानाला लांब शेपटी असते आणि पायरच्या आखूड, हे मी मोबाइलवर बघून ठेवलं होतं. आमच्या खिडकीखालून त्यांनी नेलेल्या रोपाची शेपटी चांगली बोटभर होती. म्हातारा आम्हाला शेंडी लावून फुकटात बोन्साय जमवतोय, याबद्दल माझी खात्रीच पटली.

परवा जाब विचारायलाच गेलो. दार उघडंच होतं. गॅलरीत उथळ कुंड्यांची रांग होती, तारेने वाकवलेली झाडं, प्रत्येक कुंडीवर खडूने फ्लॅटचा नंबर. काका पाठमोरे बसले होते. त्यांनी आमच्या नंबरची कुंडी पुढ्यात ओढली. पानं लांब शेपटीचीच होती. आता बोलणार, एवढ्यात त्यांनी कात्री उचलली, चप्पल काढून बाजूला ठेवली आणि शेंड्याला कात्री लावताना स्वतःशीच पुटपुटले,

"पिंपळ नाय हो, पायर आहे. पायर आहे."

मी तसाच मागे फिरलो.