तोफूवाल्या लावखमचे पंख

आमच्या गल्लीची सकाळ नांग लावखमच्या तोफूने सुरू होते. आमच्याकडे बाईच्या नावाआधी नांग लागतं, पुरुषाच्या नावाआधी साय. पहाटे उठून ती चण्याचं पीठ घोटते, गरम पातळ तोफू वाट्यांतून विकते आणि दहापर्यंत साच्यातल्या पिवळ्या वड्याही संपवते. वय बावन्न, अंगाने भरलेली, बोलण्यात कुणाला हार जाणार नाही. जूनच्या एकोणीस तारखेला वीज दुपारी दोनला आली आणि पाच मिनिटांनी लावखम. दारातूनच म्हणाली, "आजी, मी यंदा पक्षी होणार."

"कसला पक्षी?"

"किन्नरी. पंखवाली. दुसरा कुठला?"

मी चष्मा काढून पुसला. भिक्षूंचा वर्षावास संपतो त्या पौर्णिमेला बुद्ध वरच्या लोकातून परत येतात आणि किन्नर पक्षी नाचत त्यांना सामोरे जातात. आमच्या गल्लीत पक्षी होऊन नाचायचा साय म्याट. तो तीन वर्षांपूर्वी कामाला सीमेपलीकडे थायलंडला गेला, पंख माळ्यावर ठेवून. तेव्हापासून आमची मिरवणूक हातगाडीवरच्या स्पीकरमागून विहारात जाते. लांब ढोल वाजवणारे लुंग थुन, म्हणजे थुनकाका, एकाहत्तर वर्षांचे. त्यांनी विहाराच्या बैठकीत सांगून टाकलं होतं, "यंदाही स्पीकरच असेल, तर ढोल विहाराला देऊन टाकतो. कोपऱ्यात उभा करा, उंदरांची सोय होईल."

हे ऐकून सगळे हळहळले आणि घरी गेले. लावखम घरी जाऊन फोन उघडून बसली.

फोनमधली शिक्षिका नांग आमसेंग. मूळ आपल्याच डोंगरातली, आता परदेशात, एका खोलीत राहते. वय सव्वीस, पण लावखम तिला बाईच म्हणते. व्हिडिओचे धडे बावीस. आमसेंग शहाणी, आपल्याकडे पाठ करून शिकवते, म्हणजे डावा हात डावाच राहतो. लावखमने फोन मिठाच्या बरणीला टेकवला आणि तोफूचे साचे सरकवून जागा केली. सुरुवातीला तिने वेग निम्मा ठेवला. तेव्हा बाईंचा आवाज रेड्यासारखा निघायचा आणि लावखम पाण्यात चालल्यासारखी नाचायची.

नवरा साय लोंग, पंक्चरवाला, दारात उभा राहून बघायचा. "आजी, हे बदक कधी उडणार?"

"तू पंखांना बांबू तासून दे, मग बघ," लावखम म्हणायची.

"बांबू देतो. पण तुझं वजन बघता विमानाचे पत्रे लागतील."

तरी त्याने माळ्यावरचे पंख उतरवले, सांगाडा दुरुस्त केला, नवं कापड ताणून बसवलं आणि शेपटी हलवायची दोरी सायकलच्या ब्रेकच्या तारेची केली. सप्टेंबर उजाडेपर्यंत लावखमचे बावीसही धडे झाले. मी खुर्ची टाकून बसायचे. खोटं कशाला लिहू, नाच छान बसला होता. मान वळायची, बोटं उलटी वाकायची, पाऊल उचललं की शेपटीचा पिसारा फुलायचा.

आठ सप्टेंबरला आम्ही लुंग थुनच्या अंगणात गेलो. साय लोंगने घंटा धरली. लुंगनी ढोल गळ्यात अडकवला, सूर लावायला त्याच्या चामड्यावर भाताचा गोळा थापला आणि लावखमकडे बघत उभे राहिले. लावखम पंख पसरून त्यांच्याकडे बघत उभी राहिली.

बराच वेळ काहीच झालं नाही. कोंबडी अंगण ओलांडून गेली.

"वाजवा ना, लुंग!"

"तू हल ना!"

"ढोल नाही तर हलू कशी?"

"पक्षी हलला नाही तर वाजवू काय? माझं कपाळ?"

शेवटी लुंगनी चार थापा दिल्या. लावखम सुटली ती थेट, पहिल्या धड्यापासून शेवटच्यापर्यंत. लुंगनी वेग वाढवून बघितला, कमी करून बघितला. ती आपली फोनमधल्या ढोलावर, जो फक्त तिलाच ऐकू येत होता. मध्येच त्यांनी हात उचलले, तरी ती आठ पावलं नाचत राहिली.

"थांब," लुंग म्हणाले. "पक्षी पंख उचलतो, मग मी वाजवतो. ढोल वाजल्यावर नाचतं ते माकड. माकडामागे चालण्यापेक्षा स्पीकर बरा."

लावखमने तिथेच पंख सोडले आणि तरातरा घरी आली. दुसऱ्या दिवशी तोफूत मीठ जास्त पडलं आणि कुणी ब्र काढला नाही.

संध्याकाळी तिने बाईंना निरोप पाठवला: ढोल माझ्यामागे यायला हवा म्हणतात, ते कुठल्या धड्यात आहे? उत्तर सकाळी आलं. लावखमने ते मला वाचायला दिलं. "मावशी, ते कुठल्याच धड्यात नाही. माझ्याकडे ढोलवाला नाही. मी खोलीत एकटी असते, मीही रेकॉर्डिंगवरच शिकले. ढोल कुणासाठी थांबतो, हे मी कधी बघितलं नाही."

लावखमने फोन पालथा ठेवला. "पोरीला माहीतच नाही, आजी. आणि त्या म्हाताऱ्याचा ढोल एकदा विहारात गेला, की कुणालाच कळणार नाही."

दुपारी तोफूची गरम वाटी घेऊन ती लुंगकडे गेली. मीही गेले.

"फोन?" लुंगनी विचारलं.

"घरी."

"डोक्यातला?"

"तो बंद होत नाही. आठ-आठ पावलं मोजतोच."

"मग मला फसव. मनाला येईल तिथे थांब. मी फसतो का बघ."

लावखमने पंख बांधले. एक पाऊल, ढोल बोलला. दुसरं पाऊल उचललं आणि खाली ठेवलंच नाही. ढोल गप्प. तिने नुसता खांदा हलवला, बोटांची हलकी थाप आली. ती एकदम गर्रकन फिरली, तर ढोल धडधडत मागे. मग अर्ध्या गिरकीत थांबली. लुंगचा हात चामड्यापासून बोटभर वर थांबलेला.

"अगं बाई!" लावखम ओरडली आणि हसत सुटली. हसताना पंख हलले, म्हणून ढोलही वाजला.

साय लोंगच्या हातातली घंटा वाजायची राहून गेली. "तीस वर्षं मी हिच्या मागेच चालतोय," तो म्हणाला, "माझ्या गळ्यात कुणी ढोल घातला नाही."

पुढचे सगळे दिवस हाच खेळ. रोजच जमायचं असं नाही. तीन ऑक्टोबरला ती पुन्हा आठ मोजायला लागली आणि लुंग ढोल उतरवून आत जाऊन झोपले. पण आठवड्याने त्यांनीच विहाराच्या समितीकडे निरोप धाडला, स्पीकर सांगू नका.

पौर्णिमेला सकाळी ऊन स्वच्छ होतं. लावखम पुढे, लुंग मागे, त्यांच्यामागे फुलं आणि चिकट भाताच्या पुड्या घेतलेली सारी गल्ली. चौकात भाताचं तबक सावरत एक म्हातारी बाई रस्ता ओलांडायला निघाली, आपल्या चालीने, कुणाकडे न बघता. लावखम एक पाय उचलून जागेवर थांबली. ढोल थांबला. घंटा थांबली. दोनशे माणसं गप्प. म्हातारी पलीकडे पोचली, तिने तबक खाली ठेवलं, हात जोडले. तेव्हा लावखमने एक पंख, एकच, हळूच खाली आणला आणि त्याच्याबरोबर ढोल असा घुमला की माझ्या हातातला फोन हलला. मी चित्रीकरण करत होते.

विहारापर्यंत लावखम थांबली ती आणखी पाच वेळा, आणि त्यातल्या तीन वेळा काही कारण नव्हतं.

चित्रीकरण तिने दुपारीच बाईंना पाठवलं. आमसेंगचं उत्तर लगेच आलं.

"मावशी, चौकात मला वाटलं नेट गेलं. मी फोन दोनदा झटकला. मग दिसलं, तुमच्या पंखांवरचं कापड वाऱ्याने हलतंय."