ओवाळणीची गाडी आणि ताम्हिणीचा अर्धा रस्ता

मुळशीला जायचं मीच ठरवलं, त्यामुळे दुसऱ्या कुणाच्या नावानं बोटं मोडायची सोय नाही. भाऊबीजेला दादानं त्याची जुनी डिझेल गाडी मला ओवाळणीत घातली. ताटात किल्ली, वहिनीच्या हातात मोबाईल, फोटोवर फोटो! पंधरा वर्षांच्या संसारात सासूबाईंपुढे मी पहिल्यांदा ताठ मानेनं बसले. पण दीड महिना झाला तरी गाडीची धाव हिंजवडीतल्या आमच्या टॉवरपासून ऑफिसपर्यंतच. म्हटलं, एका शनिवारी मुळशीचं पाणी बघू, ताम्हिणी घाटात जाऊन येऊ आणि रात्री मुक्कामाला कोळवणला, माझ्या माहेरी.

नवरा सुहास म्हणाला, "आधी गॅरेजला दाखवून घेऊया. खाली लालसर थेंब पडतायत."

मी अशी भडकले म्हणता! ओवाळणी कुणी गॅरेजला दाखवतं का? आमच्याकडे भावानं नेसवलेल्या साडीच्या किमतीची चिठ्ठीसुद्धा बघत नाहीत, आणि हा म्हणे मेकॅनिक आणू. सुहास बार्शीचा, शांत माणूस. त्यानं पार्सलच्या खोक्याचा पुठ्ठा फाडून गाडीखाली सरकवला.

पुढचं कळावं म्हणून एक गोष्ट आत्ताच सांगते. दिवाळीच्या आधी मी पौडला जाऊन हक्कसोडीवर सही केली होती. रस्त्याकडेची भातखाचरं दादाला विकायची होती, पुण्यातल्या कुणाला तरी तिथं फार्महाऊस बांधायचं होतं. मी एक छदाम मागितला नाही. बहिणीनं मागायचा नसतो, हे ऐकतच मोठी झाले. मला फक्त माहेर राहायला हवं होतं. हक्कानं जाऊन दोन दिवस लोळता येईल असं एक घर. सही दिली की ते राहील, एवढाच माझा विचार.

तर, निघणाऱ्यांसाठी सूचना: हिंजवडीतून सकाळी सातच्या आत बाहेर पडा, नाहीतर कॅबच्या गर्दीत माणपर्यंतच जीव मेटाकुटीला येतो. माण ओलांडलं की घोटवड्याच्या बाजूला हवा बदलते. रस्ता मध्येच लोण्यासारखा, मध्येच खड्ड्यांचा, आणि डंपरवाल्यांच्या नादी अजिबात लागू नका. पौडला मिसळ खाल्ली. हॉटेल यथातथाच, पण रस्सा असा की सुहासच्या डोक्यातून घाम आला. दोन मिसळ, जादा पाव, दोन चहा मिळून तीनशेच्या आत.

पौड सोडल्यावर वळणावर गाडी कण्हायला लागली. स्टीअरिंग फिरवलं की बॉनेटखालून ऊंऽऽ असा आवाज.

"ऐकलंस का?" सुहास म्हणाला.

"थंडी आहे. जुनी गाडी आहे. तूपण सकाळी असाच कण्हतोस."

तो हसला, आणि तेवढ्यात उजवीकडे पाणी दिसलं. डिसेंबरात मुळशीचं पाणी बघाच. काठोकाठ निळं, वर धुक्याची पातळ साय, पलीकडच्या डोंगरावर नुकतं ऊन आलेलं. आम्ही थांबलो, पाण्याकडे पाठ करून फोटो काढला, आणि मी तो दादाला पाठवला. खाली लिहिलं, 'तुझी गाडी कशी पळतेय बघ!'

त्यानंतर जेमतेम अर्धा तास गेला असेल. घाट सुरू व्हायच्या आधी एक उजवं वळण आहे. स्टीअरिंग एकदम जड झालं, जातं ओढावं तसं. मी सीटवरून अर्धी उठून दोन्ही हातांनी ओढलं. गाडी वळायचं सोडून सरळ निघाली, तीही दरीच्या कडेला. घाबरून जास्त जोरात ओढलं, तर भसकन उजवीकडे आली आणि समोर एसटी. ब्रेकचा कर्कश आवाज झाला. दोन्ही गाड्या थांबल्या तेव्हा मध्ये जेमतेम एक माणूस उभा राहील एवढीच जागा होती.

"ओ बाई, मरायचंय तर एकट्या मरा की! माझ्या गाडीत चाळीस मानसं हायेत!" ड्रायव्हर खिडकीतून ओरडला. सुहासनं खाली उतरून त्याला हात जोडले.

गाडी कशीबशी कडेला घेतली. बॉनेट उघडलं तर स्टीअरिंगच्या ऑइलची डबी ठणठणीत कोरडी. अशा वेळी इंजिन लगेच बंद करा, रिकामं चालवलं तर पंपही जातो, हे मला नंतर कळलं. जवळच्या टपरीवाल्यानं पौडच्या मेकॅनिकला फोन लावून दिला. तो मोटरसायकलवरून आला, गाडीखाली शिरला, बोटाला लागलेलं लालसर ऑइल चोळून बघितलं आणि बाहेर येऊन नंबरप्लेटकडे बघत उभा राहिला.

"ही गाडी कोळवणची न्हवं?"

"हो. का?"

"माज्याकडंच आली व्हती की दिवाळीच्या टायमाला. स्टेरिंगच्या रॅकचं सील गेलंय, रॅक बदला म्हणलं मी. तर मालक म्हणलं, आता कशाला खर्च, गाडी द्यायचीच हाय. जाड ऑइल टाक, म्हंजी काय दिवस गळल्यालं दिसायचं न्हाई."

"आणि तुम्ही टाकलंत?"

"गिऱ्हाईक म्हणंल तसं करायचं, ताई."

"गाडी कुणाला द्यायची म्हणाले?"

"बहिणीला म्हणलं वाटतं. का ओ?"

सुहास पाण्याकडे बघत राहिला. 'मी सांगितलं होतं ना' असं तो एका शब्दानं म्हणाला नाही. म्हणाला असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

मेकॅनिकनं नवं ऑइल भरलं, दोन बाटल्या बरोबर दिल्या आणि घाटात जायचं नाही म्हणून बजावलं. ताम्हिणी तिथंच राहिली. सुहास म्हणाला, घरी जाऊ. मी म्हणाले, कोळवण.

दादा अंगणातच होता, नवी पांढरी गाडी धूत.

"आलीस व्हय? एवढ्या लवकर?"

"स्टीअरिंग गळतंय हे तुला माहीत होतं?"

त्यानं नळी खाली ठेवली. "अगं, तू कुटं घाटात जातीस? घर न् हापिस. तेवढ्याला चालती ती."

"एसटीखाली गेलो असतो, दादा!"

"पर गेली न्हाईस नव्हं? उगं फुकटच्या गाडीला नावं ठिवू नगं, वैशे. गावात दुसऱ्या कुठल्या भावानं बहिणीला गाडी दिली, दाव मला."

"फुकटची? मी सही फुकट दिली दादा, सही!"

वहिनी धावत बाहेर आली. "वन्सं, हळू बोला, रस्त्यानं मानसं जात्यात."

दादा मात्र हळूच बोलला. "सही केलीस न्हवं? मग आता तुजं हितं काय ऱ्हायलंय म्हणून भांडतीस?"

सख्ख्या भावानं हे विचारलं. आणि खरंच काही राहिलं नव्हतं. मी पाणीही न पिता गाडीत बसले. दरवर्षीसारखी नव्या इंद्रायणीची पिशवी घेऊन वहिनी मागं आली, "तांदूळ तरी न्या." मी काच वर केली.

येताना गाडी सुहासनं चालवली. आता रॅक बदललाय, गळती बंद आहे, स्टीअरिंग एका बोटानं फिरतं. जुनी गाडी घेणाऱ्यांना माझं एकच सांगणं: कुणीही दिलेली असो, आधी वाकून खाली बघा. लाल थेंब दिसला तर नात्याकडे बघू नका.

पण त्या संध्याकाळचं सांगायचं राहिलं. गुडघ्यांमुळे घरीच थांबलेल्या सासूबाईंनी दार उघडलं. "मुक्काम करणार होता ना? आणि यंदा तांदूळ नाही दिला का गं भावानं?"

मी चप्पल काढत तशीच उभी. आता सांगावंच लागणार होतं.

"दिलाय की," सुहास म्हणाला. "गाडीतच राहिला. आणतो."

तो खाली गेला आणि बऱ्याच वेळानं एका साध्या कापडी पिशवीत इंद्रायणी घेऊन वर आला. कोपऱ्यावरच्या दुकानातली. माझ्याकडे न बघता त्यानं ती ओट्यावर ठेवली.

रात्री भात वाढला. सासूबाईंनी पहिला घास घेतला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, "काही म्हण, तुमच्याकडच्या तांदळाची चवच वेगळी. विकतच्याला येत नाही."

"हो ना," मी म्हणाले आणि त्यांना आणखी वाढला.