शिंप्याने न म्हटलेलं वाक्य

माझ्या वडिलांना हसवणं मला कधी जमलं नाही.

अप्पा माझ्यावर नाराज आहेत असं नाही. मी घरातला पहिला पदवीधर. माझं पदवीचं प्रमाणपत्र त्यांनी चौकटीत बसवून घेतलं आणि धूळ बसू नये म्हणून वरून प्लास्टिकची पिशवी चढवली. मी बिदरच्या मराठी शाळेत शिक्षक झालो तेव्हा त्यांनी आमच्या गावात, जनवाड्यात, घरोघरी पेढे नेऊन दिले. पण मी बोलायला लागलो की ते सरळ बसतात, धोतर सावरतात आणि गावात आलेल्या साहेबाचं ऐकावं तसं ऐकतात. शेवटी म्हणतात, "बरं हाय."

मांडीवर थाप मारून हसतात ते अण्णा बोलला की.

अण्णा म्हणजे माझ्या चुलत्याचा मुलगा, माझ्यापेक्षा तीन वर्षांनी थोरला. त्याची शाळा सातवीत सुटली. आता त्याचा टेम्पो आहे. बिदरहून जहिराबाद, तिथून हैदराबाद, असा माल नेतो. आमची मेंढरं होती तेव्हा माझी शाळा सुटल्यावर राखायची पाळी आम्हा दोघांची असायची. माझं दहावीचं वर्ष आलं तसं माझी पाळीही त्याने घेतली, कुणी न सांगता. मी शिकलो त्यात त्याच्या पायांचा वाटा आहे, हे मी विसरत नाही. पण ज्याचे उपकार आहेत त्याच्यावर जळता येत नाही, असं कुठे लिहिलेलं नाही.

आमच्या घरात एक रीत आहे. जो बिदरला जाऊन पिच्चर बघून येईल, त्याने तो घरी राहिलेल्यांना सांगायचा. अप्पांच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तरी नजर पुरती आली नाही. ते पिच्चर कानांनीच बघतात. अण्णा सांगतो तेव्हा पोलीस कन्नडात दम देतो, गुंड दखनीत गयावया करतो आणि हिरोची आई थेट आमच्या जनवाड्याची मराठी बोलते, मग पिच्चर कुठल्या का भाषेतला असेना. मी एकदा सांगून बघितला होता. दिग्दर्शकाला काय म्हणायचं आहे, इथून सुरुवात केली. अप्पांनी मध्येच विचारलं, "म्हशीला पाणी दावलं का रं?"

गेल्या वर्षी एका रविवारी अण्णा बिदरात मैलूरला माझ्या भाड्याच्या घरी आला. म्हणाला, "चल मास्तर, तेलुगू पिच्चर लागलाय. लई नाव व्हायलंय."

मी एका साप्ताहिकात पुस्तकांवर, कधी सिनेमावर लिहितो. म्हटलं, लिहिण्यापुरतं काही मिळेल. अडचण एकच. माझी तेलुगू 'रा' म्हणजे ये आणि 'पो' म्हणजे जा, यापुढे जात नाही, आणि पडद्यावर खाली अक्षरं येत नव्हती. हैदराबादच्या खेपांत तेलुगू शिकलेला अण्णा माझ्या उजव्या कानाला लागून बसला आणि मी अडीच तास त्याला सारखं विचारत राहिलो, "काय म्हणाला? आता काय म्हणाला?"

पिच्चर असा होता. सुपारी घेऊन माणसं मारणारा एक जण आहे. वीस वर्षं हेच काम करून तो थकलाय. गुडघे दुखतात, झोप येत नाही, पिस्तूल हातात घेतलं की जांभई येते. त्याने मारलेली माणसं भुतं होऊन त्याच्याच खोलीत राहायला आलीत आणि पंख्याखालच्या जागेवरून भांडतायत. त्याला काम सोडायचंय, मालक सोडू देत नाही. शेवटची सुपारी म्हणून एका लहान गावातल्या म्हाताऱ्या शिंप्याला मारायला पाठवतो. हा गिऱ्हाईक बनून दुकानात शिरतो, शिंपी त्याचं माप घ्यायला लागतो, आणि पुढे महिनाभर तो शर्ट काही शिवून होत नाही. तेवढ्यात दोघांचा जीव एकमेकांवर जडतो. शेवटी हा त्याच दुकानात शाळेच्या पोरांच्या गणवेशाला काजं करत बसलेला दिसतो.

परत येताना टेम्पोतच आमचं वाजलं.

मी म्हटलं, "पिच्चरनं आधी ठरवावं की नाही, आपण कोण आहोत? भुताचा, हाणामारीचा, हसायचा का रडायचा? माणूस मरायला लागला की लोक शिट्ट्या मारतात आणि पुढच्या क्षणाला आपण डोळे पुसायचे?"

"मग? आज्याच्या मयतीला तू हसला न्हाईस व्हय? न्हाव्याचा वस्तरा सापडंना म्हणून सगळे हुडकायलते आन त्यो आज्याच्याच उशाखाली निघाला. तवा सगळ्यात मोठ्यानं कोण हसलं?"

"ती गोष्ट वेगळी."

"वेगळी कामून? ताटात तिखट आन गोड शेजारीच असतंय की. तुझ्यावानी एक खाऊन झाल्याबिगर दुसऱ्याला हात लावायचा न्हाई, असं कोण जेवतंय?"

मी म्हटलं, वीस वर्षं खून करणारा माणूस काजं करायला बसला की सगळं माफ, हा शेवट खोटा आहे. त्याने गिअर बदलला. मग म्हणाला, "तुला दसरा-दिवाळीची सुट्टी हाय मास्तर. ज्याला सुट्टीच न्हाई त्यो कसा थकतोय, तुला कळायचं न्हाई."

जनवाड्याच्या घरी पोचल्यावर त्याने अंगणात पिच्चर सांगितला. आमच्या मेंढरांच्या वाडग्यात आता टेम्पो उभा राहतो. तिथेच बाजेवर अप्पा बसले होते. भुतं पंख्यावरून भांडायला लागली तेव्हा अप्पांना ठसका लागला, पाणी द्यावं लागलं. मी दाराशी उभा राहून ते हसू बघत होतो. मला तेव्हा काय वाटलं ते साध्या शब्दांत सांगतो: मला वाटलं, टेम्पो पुढच्या खेपेला घाटात बंद पडावा.

त्या आठवड्यात मी लेख लिहिला. पिच्चरला खिचडी म्हटलं. एक भूत त्या मारेकऱ्याला म्हणतं, "मेल्यावर बी रेशनच्या रांगेतच हुबं ऱ्हायचं का?" त्या विनोदाला मी फुटकळ म्हटलं. पण अण्णाला जे दिसलं नाही ते मला दिसतं, हेही दाखवायचं होतं. म्हणून शेवटी एका वाक्याचं मन भरून कौतुक केलं. शिंपी माप घेताना त्या मारेकऱ्याच्या उतरलेल्या खांद्यावर हात ठेवतो आणि काहीतरी बोलतो. ते मी असं लिहिलं: 'हा राखणाऱ्याचा खांदा आहे. ओझं कधी उचललं नाही, पण झोपतानाही काठी खाली ठेवली नाही.' खाली मी लिहिलं की सबंध चित्रपटात एवढं एकच वाक्य खरं आहे, आणि त्यासाठी बाकीचं सहन करावं.

रविवारी अप्पांना वाचून दाखवलं. अण्णा पलीकडे टेम्पो धूत होता. अप्पा नेहमीसारखे सरळ बसले होते. त्या वाक्यावर आलो आणि त्यांनी हात वर केला.

"थांब. परत वाच ते."

मी परत वाचलं.  अप्पा डोळे बारीक करून मेंढरांच्या वाडग्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "ह्ये चांगलं लिव्हलंस."

चाळीशी जवळ आलेल्या माणसाने एवढ्यावर आनंदावं का, मला ठाऊक नाही. मी आनंदलो. अण्णाकडे बघितलं. तो चाकावर पाणी मारत होता. त्या दिवशी मला त्याचा राग आला नाही, आणि राग का आला नाही तेही मला कळत होतं.

काही महिन्यांनी तो पिच्चर मोबाइलवर आला. आमच्या शाळेत विज्ञान शिकवणाऱ्या बाई औरादकडच्या. त्यांच्या घरात तेलुगू बोलतात. त्या मधल्या सुट्टीत बघत होत्या. त्यांना भुतं आवडली होती, शेवट आवडला नव्हता. मी म्हटलं, "शिंप्याचं ते वाक्य लावा की. काठीचं."

"कुठलं काठीचं?"

मी प्रसंग सांगितला. त्यांनी शोधून लावला. शिंपी खांद्यावर हात ठेवतो, बोलतो.

"काय म्हणाला?" मी विचारलं, अगदी थिएटरात विचारत होतो तसंच.

"डावा खांदा एक इंच खाली आहे म्हणतोय. आत कापड भरू का विचारतोय."

"आणि पुढे?"

"पुढे कॉलर."

मी रेशनच्या रांगेचं विचारलं. तेही नव्हतं. भूत फक्त म्हणत होतं की इथे उकडतंय. बाई हसून म्हणाल्या, "सर, तुम्ही वेगळाच पिच्चर बघून आलायत."

मी वेगळाच बघून आलो होतो. ज्या विनोदाला नावं ठेवली तो अण्णाचा होता, आणि ज्या वाक्यासाठी अप्पांनी मला चांगलं म्हटलं तेही अण्णाचं. पण खरी टोचणी याहून वेगळी होती. ती मला मैलूरच्या रस्त्यावर सायकलवरून जाताना लागली, आणि मी उतरून उभा राहिलो. आमची मेंढरं जाऊन सात-आठ वर्षं झाली. अप्पांची काठी अजून त्यांच्या बाजेवर असते. रात्री त्यांचा हात तिच्यावर असतो. मी हे वर्षानुवर्षं बघत आलोय. अण्णाने एका अनोळखी शिंप्याच्या तोंडी माझे वडील घातले, आणि मी ते वाक्य पेपरात छापून त्यांनाच वाचून दाखवलं, तरी ओळखलं नाही. त्यांनी ओळखलं.

कुणाला सांगायचं नाही, असं मी ठरवलं. अण्णा बोलला नव्हता, बाई कधी जनवाड्याला येणार नव्हत्या. अप्पांकडून मिळालेला तो एकच शब्द. तोही परत करायचा?

पुढच्या रविवारी गेलो तर गल्लीतले एक म्हातारे अप्पांजवळ बसले होते. तेही एकेकाळी मेंढरांमागे फिरलेले. अण्णा भिंतीला टेकून शेंगा फोडत होता. अप्पा त्यांना म्हणाले, "आमच्या पोरानं पेपरात लिव्हलंय. ऐक तर. आण रं त्यो पेपर, काठीचं वाच."

अप्पांनी पेपर घडी करून उशीखाली ठेवला होता. मी उघडला. खिचडीपासून सुरुवात केली. त्या ओळीपाशी आलो आणि वर बघितलं. अण्णा समोर होता. त्याच्या चेहऱ्यावर काही असतं, थोडी कुचेष्टा जरी असती, तरी मी वाचून मोकळा झालो असतो. तो मन लावून ऐकत होता.

"अप्पा," मी म्हटलं, "ह्ये वाक्य पिच्चरात न्हाई."

"म्हंजी?"

"शिंपी असलं काई म्हणला न्हाई. अण्णानं माझ्या कानात सांगितलं, मी लिहिलं. वाक्य अण्णाचं हाय."

अण्णाने शेंग तशीच धरली. "माझं? मी कवा म्हणालो?"

"माप घेताना."

"तवा शिट्ट्या चालू होत्या की! मला काय ऐकू आलं न्हाई. तू आपलं 'काय म्हणाला, काय म्हणाला' करायलतास. काय तरी सांगावं लागतंय. सांगितलं आसंल."

त्याला आठवतही नव्हतं. एका ओळीसाठी मी चार दिवस खोडतो, आणि याने ती शिट्ट्यांच्या गोंगाटात सांगून सोडून दिली होती.

अप्पा एकदा माझ्याकडे, एकदा त्याच्याकडे बघत होते. 

"म्हंजी तू बिदरात ऱ्हाऊन, थेटरात बसून, येवढा शिकून," त्यांना पुढे बोलता येईना, "कानात जे घातलं ते पेपरात छापलास! आन पिच्चरात ते न्हाईच!"

त्यांनी मांडीवर थाप मारली. ठसका लागला. म्हातारेही हसायला लागले. मी पाणी आणून दिलं. तांब्या घेताना अप्पांनी माझं मनगट धरलं आणि हसू ओसरेपर्यंत सोडलं नाही. उभ्या जन्मात मी त्यांना हसवलं ते असं.

हे एक हसू तरी माझं राहील, असं वाटलं होतं. पण आता पाहुणे आले की अप्पा अण्णाला सांगतात, "ती मास्तरच्या पेपराची सांग." अण्णा सांगतो. बाईंचं, सायकलचं मीच त्याला नंतर सांगितलं होतं. माझा आवाज तो छापील मराठीत काढतो, बाईंना तेलुगूत बोलवतो, सायकलवरून मला पाडतो. अप्पा पहिल्या वेळेपेक्षा जास्त हसतात.

मागच्या वेळी मी दाराशी उभा राहून म्हटलं, "मी पडलो नव्हतो. नुसता उतरलो होतो."

अप्पांनी हात वर केला.

"तू गप. त्याला सांगू दे."