पिशवीतला भुईमूग
लातुरात क्लासच्या गल्लीत ओल्या शेंगांचा गाडा लागला की त्या मातीच्या वासानं मला मायची पिशवी आठवते. चाकूरकडं आमच्या रानात भुईमूग उभ्या उभ्या वाळून राहिला होता. झाड उपटलं की कुजलेलं मूळ हातात यायचं, त्यावर पांढरी बुरशी अन् मोहरीसारखे दाणे. मायनं सगळं केलं होतं. आदल्या साली ज्वारी घेतली, खोल नांगरलं, रोगट झाडं जाळली. पण वरच्या रानात दरसाल भुईमूगच, अन् भूकंपात ढासळलेला बांध कितीही रचला तरी पावसात तिथलं पाणी रोग घेऊन आमच्यात यायचंच. वरचं रान अर्ध्या वाट्यानं कसणारा बटईवाला म्हणाला, "काकू, मालक सांगंल ते पेरतो मी." मालक पोराच्या बारावीसाठी लातुरात खोली करून राहिलेला. माय एक झाड पिशवीत घालून, मला घेऊन एसटीनं तिथं गेली. तिनं तोंड उघडताच मालकाची बायको म्हणाली, "हळू बोला, पोरगा वाचून राहिलाय." मग मायनं सगळं कुजबुजत सांगितलं. मालक म्हणाला, "परीक्षा होऊ द्या वहिनी, मग बघू." परतताना पिशवीला वास सुटला. "फेक की खिडकीतून," मी म्हणाले. "कुणाच्या रानात पडलं तर?" म्हणत तिनं ती मांडीवरच धरली. आता लेकीच्या क्लाससाठी मीच इथं खोली करून राहते. सासरचं रान बटईनं दिलंय. परवा त्या रानाच्या खाली ज्यांचं रान आहे ते काका तशीच पिशवी घेऊन दारात आले. मी आतलं दार ओढून घेतलं अन् म्हणाले, "हळू बोला."