विचारून घेतलेली चाल

निरोप आला तेव्हा मी अंगणात दोरीवर साड्या टाकत होते. घोडेगावचा कार्यक्रम तोंडावर आला होता, आणि कार्यक्रमाआधी ट्रंकेतलं सगळं बाहेर काढून त्याला ऊन दाखवायचं हा माझा नेम. साड्या, केसांचे दोन टोप, म्हातारीचा चष्मा, पाव्हण्यांचे फेटे. यादीतलं एकेक नाव खोडत होते तेवढ्यात रावसाहेब आला. सायकल हातात धरूनच फाटकात उभा राहिला. "आक्का, राहू दे ते," म्हणाला. मी विचारलं, "का? कार्यक्रम रद्द झाला?" तो म्हणाला, "सुदाम गेला... छातीत दुखतंय म्हनला, अन् दवाखान्यात न्यायच्या आतच..." हातातल्या साडीची मी नीट चौकोनी घडी घातली.

सुदाम माझा धाकटा चुलतभाऊ, आणि रावसाहेब त्याचा रंगमंचावरचा जोडीदार. शेवगाव, नेवासा, कर्जत या भागात जयंतीचा मंडप असो, जत्रा असो की शाळेचं गॅदरिंग, या दोघांच्या विनोदी नकलांशिवाय लोक उठत नसत. मी शाळेत कारकून. त्यांचं सामान, नकलांचा क्रम आणि टेम्पोची वेळ सांभाळणं हे माझं काम. पण सुदामची ओळख लोकांना झाली ती मी यायच्या आधी, त्याच्या पहिल्या कॅसेटमुळे. तिच्याबद्दल लिहिल्याशिवाय त्याच्याबद्दल लिहिता येणार नाही.

नव्वदीच्या सुरुवातीला त्यानं नगरला जाऊन ती कॅसेट भरली. त्यातली गाजलेली नक्कल मुलगी बघायच्या कार्यक्रमाची. पाव्हणे येतात, मुलगी पोहे आणते, नाव-शिक्षण विचारून होतं आणि मग कुणीतरी काका म्हणतो, "जरा चालून दाखव गं." नकलेतली मुलगी लंगडत चालते. एक पाय ठप्प पडतो, दुसरा सर्र ओढला जातो. काका म्हणतो, "पोरगी चालती का झाडू मारती?" आणि हशा. लहानपणी पोलिओ झाल्यामुळे मी तशीच चालते. मलाही बघायला आले होते तेव्हा चालायला लावलं होतं, आणि सुपारीचं तबक घेऊन सुदाम त्याच खोलीत उभा होता. तिथं जमलं नाही. पुढं दुसरीकडं जमलं, संसार चांगला झाला, ती गोष्ट वेगळी.

कॅसेट भरायला जायच्या आधी तो घरी आला होता. "आक्का, तुजी जुनी चप्पल टाकून देनार हायेस का? मला दे." नाटकाच्या सामानात लागत असेल म्हणून दिली. पुढं मिरजगावच्या स्टँडवर एका टेम्पोत ती कॅसेट लागलेली ऐकली. ठप्प... सर्र... ठप्प... सर्र. फळीवर चप्पल घासून काढलेला तो आवाज. माझ्याच चपलेचा. आपलं चालणं आपण कधी ऐकत नाही. त्या दिवशी मी ते पहिल्यांदा ऐकलं, आणि भोवतालची माणसं पोट धरून हसत होती.

सुदामच्या मनात वाकडं काही नव्हतं, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. हसू आलं की झालं, यापुढं त्यानं विचारच केला नव्हता. विचार करायची वेळ आली ती आठवडी बाजारात. आम्ही दोघं भाजी घेत होतो. मागून कुणीतरी ओरडलं, "व्हय काकी, चालता का झाडू मारता?" ओरडणाऱ्याला आम्ही कोण हे माहीतही नसावं. सुदामनं माझ्याकडं बघितलं आणि माझ्या हातातली पिशवी काढून घेतली. त्यानंतर ती नक्कल त्यानं तशी कधीच केली नाही. पण कॅसेट गावोगाव गेली होती. टेम्पोवाल्यांकडून तो ती परत मागायचा. ते म्हणायचे, "सुदामराव, लई भारी हाय, ही न्हाई द्यायची." त्याच काळात मी त्यांच्या कामात आले. राग गेला होता म्हणून नव्हे. दोघं एका टोपात तीन म्हाताऱ्या करायचे आणि तो टोपही गावात विसरून यायचे, ते मला बघवेना.

मग त्यानं ती नक्कल दुरुस्त करायला घेतली. दुरुस्त केलेली नक्कल जत्रेत झाली, तेव्हा मी पडद्याआड होते. मुलगी पोहे घेऊन आली, ताठ चालत गेली, बसली. लोक गप्प. मग आरडाओरडा, "जुनं करा, जुनं!" सुदाम आत आला तो घामानं निथळत. पण चेहऱ्यावर समाधान. "आक्का, काढून टाकलं बघ."

"काय काढलंस?"

"तुजा पाय."

मला बाजारात आला नव्हता एवढा राग तेव्हा आला. म्हटलं, "माझा पाय तू कशाला काढलास? तो काय लपवायची वस्तू आहे? पाय राहू दे. लोकांना हसू कुणाचं आलं पाहिजे, ते बघ." अर्धा रंग पुसलेला, अर्धा तोंडावर, असा तो ट्रंकेवर बसला. म्हणाला, "पयल्यांदा तुला इचारायला पायजे हुतं."

यंदा सुट्टीत दुपारी तो आणि रावसाहेब आमच्या पडवीत येऊ लागले. आवाज नीट यावा म्हणून एक लांब फळी आणून टाकली. पहिल्याच दिवशी सुदाम म्हणाला, "आक्का, जरा चालून दाखवतीस का?" आणि बोलल्याबरोबर आपलं वाक्य त्यालाच ऐकू गेलं. त्यानं मान खाली घातली. मी म्हटलं, "दाखवते. पण आधी तू चाल." तो चालला. मग रावसाहेबाला चालायला लावलं. पोट पुढं काढून, बदकासारखा चालतो तो, आणि त्याला ते अजिबात माहीत नव्हतं. आम्ही हसून बेजार झालो. "आक्का, गावलं!" सुदाम ओरडला.

नवी नक्कल अशी झाली. मुलगी माझ्यासारखीच चालत येते, ठप्प, सर्र. पोह्यांचं ताट खाली ठेवते आणि म्हणते, "माजं झालं. आता तुमी चाला." मग नवरदेव, काका, मध्यस्थ एकेक करून उठतात, आणि एकाचीही चाल सरळ नसते. चप्पलही त्यानं पुन्हा मागितली. या वेळी विचारलं, "चालंल का तुला?" मी म्हटलं, "चालेल." माझ्या घरच्या टेपवर भरून ठेवू, असंही मी सुचवलं होतं. तो म्हणाला, "न्हाई आक्का. आदी लोकांफुडं हू दे. लोक हसल्याबिगर काय खरं? मग नगरला जाऊन नवी कॅसेट भरू अन् जुनी बुडवू." लोकांपुढं ती पहिल्यांदा घोडेगावला व्हायची होती.

सुदामच्या पुण्यानुमोदनाच्या कार्यक्रमाला मंडप भरला होता. एकानं आदरांजली वाहताना गहिवरून झाडूचंच वाक्य म्हणून दाखवलं. लोक डोळे पुसत हसले. त्यांचं प्रेम खरं होतं, त्यात शंका नाही. पण ज्या वाक्यासाठी सुदामला तोंड लपवावंसं वाटायचं, तेच त्याच्या फोटोसमोर त्याचं म्हणून ठेवलं गेलं. "आता तुमी चाला" हे दुसरं वाक्य आम्हा दोघांतिघांशिवाय कुणी ऐकलेलंच नाही... मी उठून सांगायला हवं होतं की नव्हतं, ते अजून ठरत नाही. रावसाहेबाला म्हटलं, तू कर ती नक्कल. तो म्हणाला, "मला पाव्हना जमतो, आक्का. पोरगी त्यालाच जमायची."

गेल्या आठवड्यात स्टँडवर चहावाल्याकडं कॅसेट लागली होती. मला बघून त्यानं घाईनं बटण दाबलं. मी म्हटलं, "राहू दे. आवाज त्याचा आहे." आणि पुढं चालू लागले.

ट्रंक रावसाहेब घेऊन गेला. साड्या, टोप, चष्मा, फेटे, सगळं यादीप्रमाणे दिलं. फळी मात्र दिली नाही. पडवीतून अंगणात कपडे वाळत घालायला जाताना मी तिच्यावरूनच जाते. ठप्प... सर्र... ठप्प... सर्र. टोकाशी आले की बादली खाली ठेवते आणि थोडी थांबते. आता पाव्हण्यांनी चालायचं असतं.