विद्याधरने निवडलेला पंप

विद्याधर कारखान्यात माझ्याबरोबर होता. निवृत्तीनंतर त्याने यशवंतपुरात फळ्या कापायचं यंत्र टाकलं. टेबलाच्या भोकांतून हवा ओढून फळी घट्ट धरणारा पंप कमी पडला, फळी सरकली आणि त्याची दोन बोटं गेली. आता यंत्र मुलगी शलाका चालवणार होती, म्हणून नवा पंप तो स्वतः दुकानात जाऊन निवडत होता; मीही सोबत होतो. एमडीएफच्या, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या, फळीतून हवा गळते; तिला भरपूर हवा ओढणारा पंप लागतो.

दुकानदाराने पंप चाचणीच्या टेबलाला जोडला. विद्याधरने थोटा पंजा भोकांवर ठेवला. शलाकानेही शेजारी हात टेकवला.

"हाच घेऊ. बोटं खाली ओढतोय."

"कुठली बोटं, बाबा?"

"गेलेली."

दुकानदार कानडी वळणाने म्हणाला, "स्वल्प थांबा, अण्णा. अजून चालू केला नाही."

विद्याधरने आधी शलाकाचा हात उचलला.