स्कूटरच्या सीटवरची सही

मुलगी चौथीत गेली त्या वर्षी बायकोची बदली पेठ तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेवर झाली आणि आमच्या घरातली सकाळ माझ्या वाट्याला आली. बायको सहाच्या सुमाराला घर सोडायची आणि पेठ नाक्यावरून जीप पकडायची. मुलीची शाळा सात दहाला भरायची. तिला सोडून, निमाणी बसस्टँडजवळ स्कूटर लावून मला ओझरला जाणारी कारखान्याची बस गाठायची असे. मधल्या तासाभरात जे काही ठरवायचं ते मी ठरवायचं, असा आमचा करार झाला.

ठरवायचं म्हणजे काय, तर कपाळ जरा कोमट लागतंय, शाळेत पाठवायचं की नाही. या महिन्यातलं तिसरं खोडरबर हरवलंय, नवीन घ्यायचं की आठवडाभर तसंच राहू द्यायचं. डब्यात कारल्याची भाजी दिली तर खाईल की मैत्रिणीच्या गळ्यात मारेल. यातला कुठलाही निर्णय मोठा नव्हता, पण रोज सकाळी पंधरा-वीस तरी घ्यावे लागत आणि एकालाही दुसऱ्या दिवशीपर्यंत थांबायची सवड नसे. वेणी घालायला मी पंधरा दिवसांत शिकलो. दोन्ही वेण्या सारख्या उंचीवर येतात की नाही, हे मी पट्टी लावून बघायचो. मुलगी हसायची.

पट्टी लावायची सवय कामाची. विमानाच्या कारखान्यात मी तपासनीस आहे. तयार झालेला भाग माझ्या टेबलावर येतो, मी तो मोजतो, आणि बरोबर असला तर त्याच्या कागदावर माझा शिक्का मारतो. प्रत्येक तपासनिसाचा शिक्का वेगळा असतो, त्यावर त्याचा नंबर असतो आणि तो दुसऱ्याच्या हातात द्यायचा नसतो. शिक्का मारला याचा अर्थ, ही वस्तू माझ्या डोळ्यांखालून गेली. न बघता मारलेला शिक्का हा आमच्याकडे सगळ्यात मोठा गुन्हा. एवढ्या वर्षांत मी तो एकदाही केलेला नाही. बसमध्ये माझ्या शेजारी बसणारा दिंडोरीकडचा एक वेल्डर म्हणायचा, "यांच्या घरी भाजी बी शिक्का मारल्याबिगर ताटात येत नाय." मला ते ऐकून बरं वाटायचं, हे कबूल केलं पाहिजे.

कारखान्यातला आणखी एक नियम मी घरी आणला होता. चूक झाली आणि ज्याने केली त्याने स्वतःहून येऊन सांगितलं, तर त्याला कुणी बोलत नाही. लपवली आणि नंतर सापडली, तर मात्र खैर नसते. मुलगी पहिलीत असताना मी तिला हे समजावून सांगितलं होतं. तिने त्या वेळी टीव्हीच्या रिमोटचं झाकण तोडलं होतं आणि सांगितलंही होतं. मी रागावलो नाही. नियम पक्का झाला आणि आम्हा दोघांनाही सोयीचा वाटला.

गणपती होऊन गेल्यावर एका गुरुवारी मुलीच्या डायरीत बाईंची चिठ्ठी आली की उद्या येऊन भेटावे. मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली. बाई शांत स्वभावाच्या होत्या. त्यांनी गणिताच्या चाचणीचा पेपर माझ्यासमोर ठेवला. पंचवीसपैकी सात. पहिल्या पानावर लाल शाईत लिहिलं होतं, पालकांनी लवकर भेटावे. शेवटच्या पानाच्या पाठीमागे पालकाची सही होती. बाई म्हणाल्या की सही होऊन आठ दिवस झाले, तुम्ही आला नाहीत, म्हणून शेवटी मीच बोलावलं.

मला तो पेपर पाहिल्याचं आठवत नव्हतं. मी सही नीट बघितली. माझ्या सहीसारखी होती, पण मध्येच तुटलेली. एका जागी रेघ उडी मारल्यासारखी वर गेली होती आणि शेवटचा फराटा वाकडा आला होता. माझी सही गेल्या वीस वर्षांत कधी वाकडी गेलेली नाही. शिवाय ही सही माझी असेल, तर मुलीला सात गुण मिळालेले बघूनही मी आठ दिवस ढिम्म बसलो होतो, असा त्याचा अर्थ झाला असता. यातलं कुठलं कारण आधी डोक्यात आलं ते आज सांगता येत नाही. मी म्हणालो, "ही माझी सही नाही."

बाईंनी मुलीला वर्गातून बोलावून घेतलं. ती आली, पेपर बघितला आणि म्हणाली, "पप्पांनीच केलीय."

मी आवाज चढवला नाही. मी कधीच चढवत नाही. मी तिला आमच्या नियमाची आठवण करून दिली. जे झालं ते सांगून टाक, सांगितलंस तर कुणीही रागावणार नाही. ती पुन्हा म्हणाली, पप्पांनी केली. मी पुन्हा तेच सांगितलं, आणखी सावकाश. तिने एकदा बाईंकडे बघितलं, एकदा माझ्याकडे. तिसऱ्यांदा विचारल्यावर ती म्हणाली, "मी केली."

मला हायसं वाटलं. एवढंच नाही, जरा अभिमानही वाटला, की बघा, धाकदपटशा न करता मुलगी खरं बोलली. मी तिला कागद दिला. त्यावर तिने लिहिलं की मी पप्पांची खोटी सही केली, पुन्हा करणार नाही. मी ते दोनदा वाचलं आणि खाली सही केली. कागद बाईंच्या फाइलमध्ये गेला. वर्गातल्या गोष्टीच्या पुस्तकांची एक पेटी होती आणि तिची किल्ली माझ्या मुलीकडे असायची. ती किल्ली बाईंनी काढून घेतली आणि दुसऱ्या मुलीला दिली. ते मला रास्त वाटलं. शाळा सुटल्यावर ठरल्याप्रमाणे मी रागावलो नाही, उलट तिला आइसक्रीम घेऊन दिलं. तिने ते पूर्ण खाल्लं.

रविवारी मी स्कूटर धुवायला काढली. सीटचं रेक्झिन मागच्या बाजूला फाटलं होतं आणि त्यावर मी काळी चिकटपट्टी लावलेली होती. पट्टीची कड उचकटून वर आली होती. फडकं फिरवताना ती बोटाला लागली आणि माझा हात तिथेच थांबला.

शाळेच्या फाटकाशी होणारा रोजचा प्रकार मला एकदम आठवला. मुलगी दप्तर सीटवर ठेवून उतरायची, कधी एखादा कागद पुढे करायची, मी खिशातलं पेन काढून सीटवरच सही ठोकायचो आणि किक मारायचो. सहलीचं संमतीपत्रक, कसल्याशा इंजेक्शनचा फॉर्म, डायरी. वाचत काहीच नव्हतो. बस चुकायला नको, एवढंच डोक्यात असायचं.

चुका दुरुस्त करायला बाईंनी घरी दिलेला तो पेपर मी घरात जाऊन आणला. सीटवर तसाच पालथा ठेवला. शेजारी पट्टीवरच कोरा कागद ठेवून सही केली. रेघ पट्टीच्या कडेवर अडखळली, उडी मारून वर गेली आणि फराटा वाकडा आला. एकदा जुळलं म्हणजे सिद्ध झालं असं आम्ही मानत नाही, म्हणून आणखी दोनदा केली. तिन्ही वेळा रेघ तिथेच तुटली. लोका सांगे ब्रह्मज्ञान, स्वतः कोरडे पाषाण, असं माझी आजी गावातल्या एका माणसाबद्दल म्हणायची. तो माणूस आता मला नीट समजला.

यानंतर मी काय केलं, तर स्कूटर पुसून कोरडी केली. पेपर जागेवर ठेवला. बायकोला काही बोललो नाही. मुलगी खाली सायकल खेळत होती, खूश दिसत होती. मी मनाशी म्हटलं, प्रकरण मिटलेलं आहे. तिला शिक्षा अशी झालेलीच नाही, एक किल्ली गेली, तिचं काय एवढं. आता पुन्हा शाळेत जाऊन बाईंसमोर उभं राहायचं म्हणजे झाकली मूठ उघडायची. पोरं विसरतात. दिवसभर मी हे स्वतःला वेगवेगळ्या शब्दांत सांगत होतो. ज्या माणसाने हा नियम घरात आणला तोच आता चूक लपवत होता, हे मला कळत होतं आणि तरीही मी जेवलो, वर्तमानपत्र वाचलं, झोपलो.

सोमवारी सकाळी बायको गेल्यावर मी गॅसवर दूध ठेवलं आणि गॅलरीत वाळत घातलेली वेणीची रिबीन आणायला गेलो. एक रिबीन सापडली, दुसरी सापडेना. परत आलो तेव्हा दूध ओट्यावरून खाली ओघळत होतं. माझ्या तोंडून नुसतं "अरे, दूध" एवढं निघालं.

मुलगी बाहेरच्या खोलीत बूट घालत होती. ती सकाळपासून स्वयंपाकघरात आलेलीच नव्हती. तिथूनच, मान वर न करता ती म्हणाली, "माझ्याकडून झालं, पप्पा."

आवाजात ना भीती होती ना रडू. वर्गात हजेरीला हजर म्हणावं तसं ती म्हणाली आणि बुटाची नाडी बांधत राहिली. मी फडकं हातात घेऊन उभा होतो. मला भीती वाटली. मुलीला जन्मल्यावर कावीळ झाली होती, तेव्हा वाटली होती तशी. या पोरीला मी काय शिकवलं होतं ते मला दिसलं. कुणी विचारलं की मी केलं म्हणायचं, म्हणजे विचारणं थांबतं आणि आइसक्रीम मिळतं.

त्या दिवशी मी बस सोडली. प्रार्थनेच्या आधी बाईंना गाठलं आणि मुलीला जवळ उभं करून सांगितलं, "ती सही माझीच आहे. मी न वाचता केली होती."

 बाईंनी विचारलं की हिने कबूल का केलं. मी म्हणालो की मी करायला लावलं. त्यांनी फाइल उघडली आणि तो कागद माझ्या हातात दिला. आमच्याकडे चुकीचा कागद फाडत नाहीत, त्यावर आडवी रेघ मारून खरं काय ते लिहितात, म्हणजे पुढच्या माणसाला दोन्ही दिसतं. मी तसंच केलं. हे खरं नाही, सही माझी होती, असं लिहून खाली सही आणि तारीख टाकली. या वेळी टेबलावर. किल्लीबद्दल बाई म्हणाल्या की दुसऱ्या मुलीकडून ती अशी अचानक काढून घेता येणार नाही, दिवाळीनंतर बघू. ते बरोबरच होतं. मुलीने मान हलवली, पण तिचा खालचा ओठ दुमडलेला मला दिसला.

वर्गापर्यंत मी तिच्याबरोबर गेलो. व्हरांड्यात ती थांबली आणि म्हणाली, "मी तुम्हाला तेव्हा गणिताचा पेपर आहे म्हणून सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, दे लवकर."

मी म्हणालो की असेल, मी ऐकलं नसेल.

मग तिने तिच्या डोक्यात चाललेलं विचारलं. "मी सही केली नव्हती आणि केली म्हणाले. म्हणजे तेव्हा खोटं बोलले ना? त्याची काय शिक्षा?"

मी सांगितलं की ते खोटं माझं, त्यामुळे शिक्षाही मला. ती म्हणाली, काय शिक्षा? मी काही ठरवून आलो नव्हतो. माझा नियम चूक सांगणाऱ्याला मोकळा सोडतो, आणि चूक मीच सांगितली होती, तीसुद्धा एक दिवस लपवून. तिने जरा विचार केला. "सगळं वाचायचं. मगच सही. बस गेली तरी." एवढं बोलून ती वर्गात गेली.

संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली की तिच्या शाळेतली पोरंसुद्धा मास्तरांचं तोंड बघून उत्तर देतात, त्यात नवल काय. मग विचारलं, "अहो, पण गणितात सात का पडले, ते कुणी विचारलं का तिला?" कुणीच विचारलं नव्हतं. आम्ही विचारलं. भागाकारात बाकी उरली की पुढे काय करायचं ते तिला कळत नव्हतं. ते समजवायला दोन संध्याकाळी लागल्या.

दिवाळीनंतर किल्ली परत मिळाली. मुलगी आता पाचवीत आहे. सीट मी नवी बसवून घेतली, पण सही आता तिच्यावर करत नाही. फाटकाशी गाडी स्टँडवर लावतो, खिशातला चष्मा काढून लावतो आणि कागद वरपासून खालपर्यंत वाचतो. यात आतापर्यंत तीनदा बस चुकली. कागद माझ्या हातात असेपर्यंत मुलगी वर्गात जात नाही. समोर उभी राहून माझ्या डोळ्यांकडे बघत असते, ओळींवरून खरंच फिरतात की एकाच जागी थांबलेत. तपासनिसाचीही अधूनमधून तपासणी होते आणि ती कधी थांबणार हे त्याने विचारायचं नसतं. मी विचारत नाही.